हवाई छत्री : दोन उड्यांच्या मधली जपणूक

सुमारे चार हजार मीटर उंचीवरून विमानाबाहेर झेप घेणारा स्कायडायव्हर साधारण एक मिनिट मुक्तपणे खाली येतो. त्यानंतर छत्री उघडते आणि पाच-सहा मिनिटांत त्याचे पाय जमिनीला लागतात. वर्षाला शंभर उड्या घेणारा खेळाडू बऱ्यापैकी नियमित म्हणावा लागेल. त्याच्या छत्रीचा हवेतील काळ मोजला, तर तो दहा-बारा तासांपलीकडे जात नाही. वर्षाचे तास असतात ८,७६०. उरलेले सुमारे ८,७४८ तास ही छत्री कोठे तरी ठेवलेली असते. कधी कपाटात, कधी पलंगाखाली, कधी मोटारीच्या डिकीत, तर कधी उडी-केंद्रातील एखाद्या खुंटीवर.

छत्री झिजते ती आकाशात, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता चुकीचा नाही. उघडताना बसणारा हिसका, दोऱ्यांचे घर्षण, उतरताना लागणारी माती यांमुळे झीज होतेच. मात्र ही झीज डोळ्यांना दिसते. दोरी विसविशीत होते, कापडाला भोक पडते, शिवण उसवते. साठवणुकीतील हानीचे तसे नसते. उन्हाने अशक्त झालेले किंवा आम्लाच्या वाफेने पोखरलेले नायलॉन वरकरणी नव्यासारखे दिसू शकते. त्याची परीक्षा होते ती जमिनीपासून हजार मीटरवर, छत्री उघडण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत. म्हणूनच दोन उड्यांच्या मधली जपणूक ही टापटिपीची बाब नसून सुरक्षिततेची बाब मानली जाते.

संचात काय काय असते?

स्कायडायव्हरच्या पाठीवरील संचाला 'रिग' म्हणतात. त्यात एक नव्हे, दोन छत्र्या असतात. खालच्या कप्प्यात मुख्य छत्री आणि वरच्या कप्प्यात राखीव छत्री. मुख्य छत्री नीट उघडली नाही, तर ती सोडून देऊन राखीव छत्री उघडायची असते. या दोन्ही छत्र्या सामावणारी पिशवी, शरीराला बांधायचे रुंद पट्टे, धातूच्या कड्या व बकले आणि एक छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळून हा संच पूर्ण होतो.

या यंत्राचे काम एकच. उडी घेणारा बेशुद्ध झाला किंवा त्याला उंचीचे भान राहिले नाही, तर ठरावीक उंचीवर ते राखीव छत्री आपोआप उघडते. जर्मनीतील एअरटेक कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेले 'सायप्रेस' हे यंत्र या प्रकारात सर्वांत परिचित आहे. अनुभवी खेळाडूंसाठीचे सायप्रेस जमिनीपासून सुमारे २२५ मीटर उंचीवर खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक असेल, तर राखीव कप्पा बंद ठेवणारा दोऱ्याचा फास कापून टाकते.

साठवणुकीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या संचात एकच एक पदार्थ नाही. छत्रीचे कापड नायलॉनचे. त्यावर अनेकदा सिलिकॉनचा थर, ज्यामुळे कापडातून हवा जवळजवळ आरपार जात नाही. दोऱ्या स्पेक्ट्रा, व्हेक्ट्रान किंवा तत्सम कृत्रिम धाग्यांच्या. दोऱ्यांच्या घड्या धरून ठेवणारे रबरबँड बहुधा नैसर्गिक रबराचे. कड्या पोलादाच्या. यंत्रात बॅटरी आणि हवेचा दाब मोजणारा संवेदक. प्रत्येकाचा शत्रू वेगळा. त्यामुळे साठवणुकीची जागा या सर्वांना मानवेल अशी निवडावी लागते.

रेशमाची आठवण जपणारा नियम

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हवाई छत्र्या प्रामुख्याने रेशमाच्या असत. अमेरिकेला हे रेशीम मुख्यत्वे जपानकडून मिळे. युद्धामुळे तो पुरवठा बंद पडला आणि नायलॉनकडे वळणे भाग पडले. ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे अॅडलाइन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या छत्रीने यशस्वी उडी घेतली. मनुष्याने नायलॉनच्या छत्रीने घेतलेली ही पहिली उडी मानली जाते.

रेशीम हा प्राणिज धागा. ओल लागली की त्यावर बुरशी चढते, कसर लागते, घडीवर तो दबून राहतो. त्यामुळे रेशमी छत्री वारंवार उघडून, वारा देऊन पुन्हा बांधावी लागे. या अनुभवाचा ठसा अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत आजही दिसतो. पूर्णतः नायलॉन, रेयॉन वा तत्सम कृत्रिम धाग्यांची राखीव छत्री वापराच्या आधीच्या १८० दिवसांत परवानाधारक तज्ज्ञाने, म्हणजे 'रिगर'ने, बांधलेली असली पाहिजे. छत्रीत रेशीम किंवा अन्य नैसर्गिक धागा असेल, तर हीच मुदत अवघी ६० दिवसांची आहे. मुख्य छत्रीसाठीही १८० दिवसांची मर्यादा आहे. ती मात्र उडी घेणाऱ्याला स्वतः बांधता येते.

कृत्रिम धाग्यांसाठीची मुदत पूर्वी १२० दिवसांची होती. डिसेंबर २००८ पासून ती १८० दिवस झाली. या बदलाच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. आधुनिक छत्री बांधून ठेवल्याने जितकी खराब होते, त्यापेक्षा ती वारंवार उलगडण्याने, ओढण्याने व दाबून बसवण्याने अधिक झिजते, असे या क्षेत्रातील जाणकारांचे म्हणणे होते. युरोपातील काही देशांत तर ही मुदत एक वर्षाची आहे. अर्थात, मुदत वाढली ती छत्री चांगल्या जागी ठेवली जाईल हे गृहीत धरून. वाईट जागी ठेवलेल्या छत्रीला १८० दिवस हा फार मोठा काळ आहे.

पहिला शत्रू : प्रकाश

नायलॉनचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. हे किरण नायलॉनच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की धाग्याची ताकद घटते आणि ती कोणत्याही उपायाने परत येत नाही. उन्हात वाळत घातलेली नायलॉनची दोरी काही पावसाळे-उन्हाळे पाहिल्यावर हातात तुटते, हा अनुभव बहुतेक घरांत असतो. छत्रीचे कापड त्या दोरीपेक्षा कितीतरी पातळ असते.

उडी घेताना छत्रीवर पडणारे ऊन काही मिनिटांचे असते. त्याची फारशी चिंता नाही. चिंता असते ती दोन उड्यांच्या मध्ये मैदानात तासन् तास पसरून ठेवलेल्या छत्रीची आणि खिडकीजवळच्या खुंटीवर महिनोन् महिने लटकणाऱ्या संचाची. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, सगळा नव्हे. ट्यूबलाइटमधूनही अल्प प्रमाणात हे किरण बाहेर पडतात. त्यामुळे जेथे दिवसरात्र दिवे जळतात, अशा खोलीत संच उघडा टांगू नये, असे सांगितले जाते.

रंग उडणे ही धोक्याची सूचना खरी. परंतु रंग टिकून आहे म्हणजे ताकदही टिकून आहे, असे मानता येत नाही. संच अपारदर्शक पिशवीत किंवा बंद कपाटात ठेवणे हाच यावरील उपाय. व्हेक्ट्रानच्या दोऱ्यांनाही प्रकाशाचा जाच होतो, ही गोष्ट अशा दोऱ्या वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

दुसरा शत्रू : उष्णता

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत संच ठेवणे ही सर्वांत सर्रास घडणारी चूक. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढल्याचे आढळले. यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. बाहेर ४० अंश असतील, तर आत ६० अंशांच्या पुढे जायला फार वेळ लागत नाही.

एवढ्या उष्णतेने नायलॉन वितळत नाही. त्याचा वितळणबिंदू २०० अंशांच्या वर आहे. पण संचातील इतर घटक तितके सोशिक नाहीत. रबरबँड आधी चिकट होतात, मग कडक होऊन तुटतात. दोऱ्या आपापल्या घडीतून क्रमाने सुटाव्यात, यासाठी रबराची पकड नेमकी असावी लागते. वेळेआधी सुटलेला दोऱ्यांचा गुंता छत्री उघडण्यात अडथळा आणू शकतो.

यंत्राचाही प्रश्न आहे. सायप्रेससाठी उत्पादकाने साठवणुकीची कमाल मर्यादा ७१ अंश सेल्सियस आणि वापराची कमाल मर्यादा ६३ अंश दिली आहे. भर उन्हात बंद मोटारीची डिकी या मर्यादेच्या जवळ पोहोचू शकते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. हे यंत्र सुरू केल्यापासून १४ तासांनी आपोआप बंद होते. त्यामुळे चालू राहून बॅटरी संपण्याची भीती नसते. तापण्यापासून मात्र ते स्वतःला वाचवू शकत नाही.

तिसरा शत्रू : आम्ल

नायलॉन अल्कलीला बराचसा दाद देत नाही, पण तीव्र आम्लापुढे टिकत नाही. मोटारीच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. त्याचा थेंब किंवा त्याने माखलेले फडके छत्रीला लागले, तर त्या जागचे कापड कमकुवत होते. म्हणून जेथे कधी बॅटरी ठेवली होती, अशा डिकीत किंवा फळीवर संच ठेवू नये, हा या खेळातील जुना दंडक आहे. शहरी घरात यासंबंधी दोन जागा विशेष सांभाळाव्या लागतात. एक, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारचा कोपरा. दुसरी, फरशी व संडास साफ करण्याच्या आम्लाच्या बाटल्या असलेले कपाट. बाटलीचे झाकण घट्ट असले, तरी वाफ बाहेर येतेच.

आम्लाने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण १९८०च्या दशकात अमेरिकेत घडले. त्या काळी राखीव छत्र्या बहुधा गोल असत आणि काही छत्र्यांना हवा बाहेर जाण्यासाठी जाळीच्या कापडाचे झरोके असत. त्यातील काही जाळ्यांमध्ये आम्लता निर्माण झाल्याचे रिगरांच्या लक्षात आले. छत्री बांधलेली असताना ही जाळी शेजारच्या नायलॉनला चिकटून राही आणि ते कापड हळूहळू कुजत जाई. छत्री एकदाही उघडलेली नसे, कोठे डाग नसे, घडी नेटकी असे; पण बोटांनी ताण दिला की कापड फाटे.

यावर तपासणीची रीत ठरली. ब्रोमोक्रिसॉल ग्रीन नावाच्या दर्शक द्रावणाचा थेंब जाळीला लावायचा. हे द्रावण आम्लात पिवळे पडते. आम्लता आढळली, तर जाळीलगतच्या कापडाची ताकद चिमट्यांनी ठरावीक ताण देऊन तपासायची. अशा छत्र्या आता वापरातून जवळपास गेल्या आहेत. तथापि, जुना संच स्वस्तात विकत घेणाऱ्याने ही हकिकत विसरू नये. हानी वापरात नव्हे, कपाटात झाली होती.

पेट्रोल, ग्रीज, वंगण, कीटकनाशकांचे फवारे, अत्तराच्या फवाऱ्याचे डबे हेही संचापासून दूर असावेत. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. छत्रीच्या बाबतीत तो मोह आवरावा. संचाच्या उत्पादकाने स्पष्ट संमती दिलेली नसेल, तर कोणतेच रसायन त्याच्या सान्निध्यात नको, हा नियम सोपा आणि सुरक्षित.

चौथा शत्रू : ओल

बुरशी नायलॉन खात नाही. पण कापडावर बसलेला मळ, घाम आणि मातीतील सेंद्रिय अंश यांवर ती पोसली जाते. तिचे डाग आणि वास जाता जात नाही. ओल लागली की पोलादी कड्यांवर गंज चढतो आणि गंजाची खरखरीत कड पट्ट्यांच्या धाग्यांना कापत राहते. शिवाय नायलॉन पाणी शोषते आणि ओले असताना त्याची ताकद काहीशी कमी होते.

ओली छत्री बांधून ठेवू नये. सावलीत, वारा खेळत असलेल्या खोलीत ती सैल टांगून पूर्ण वाळवावी. उन्हात वाळवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. पिळणे, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकणे, इस्त्री करणे यांपैकी काहीही करू नये. धुण्याने कापडावरील थर उतरतो आणि कापडातून हवा जाऊ लागते. लहानसा डाग असेल, तर तो तेवढ्यापुरता स्वच्छ पाण्याने पुसावा. मोठा डाग रिगरला दाखवावा. डाग कशाचा आहे हे ठाऊक नसेल, तर दाखवणे अपरिहार्य समजावे.

खाऱ्या पाण्यात पडलेल्या छत्रीचे प्रकरण अधिक गंभीर. पाणी वाळल्यावर मिठाचे स्फटिक धाग्यांच्या मध्ये राहतात आणि बारीक कानसीसारखे काम करतात. कड्या गंजतात ते वेगळेच. अशी छत्री लवकरात लवकर भरपूर गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत स्वच्छ करावी लागते. समुद्राच्या पाण्यात भिजलेली राखीव छत्री आणि यंत्र परस्पर वाळवून पुन्हा वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. दोन्ही तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय पाठीवर चढता कामा नयेत.

उंदीर, कसर आणि नाकतोडे

गादीसारखा मऊ, काळोखा, कोणी न हलवणारा संच उंदराला घर करण्यासाठी फार सोयीचा वाटतो. पिशवीच्या खिशात राहिलेला बिस्किटाचा तुकडा त्याला आमंत्रण देतो. उंदीर कुरतडतो ते एकवेळ दिसते. त्याचे मूत्र कापडावर काय करते, ते दिसत नाही. मैदानात छत्री बांधताना घडीत सापडलेला नाकतोडा हाही किरकोळ पाहुणा नव्हे. चिरडलेल्या कीटकातून निघणारा रस कापडाला डागाळतो व कमकुवत करू शकतो. यासाठी संच जमिनीवर न ठेवता उंच फळीवर किंवा घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा आणि ठेवण्याआधी सगळे खिसे रिकामे करावेत.

बांधलेली ठेवावी की सैल?

थोड्या दिवसांची रजा असेल, तर मुख्य छत्री बांधलेली ठेवण्यास हरकत नाही. महिनोन् महिने उडी घ्यायची नसेल, तर ती बाहेर काढून सैल घडीत ठेवणे अनेक जाणकारांना इष्ट वाटते. रबरबँडवरचा ताण जातो, कापडावर कायमच्या चुण्या पडत नाहीत आणि पुन्हा बांधताना प्रत्येक दोरी आपसूक नजरेखालून जाते. राखीव छत्रीला मात्र हात लावायचा नाही. ती रिगरने बांधून लाल दोऱ्याने व छोट्या शिक्क्याने बंद केलेली असते. शिक्का तुटला, की मुदत शिल्लक असो वा नसो, ती छत्री पुन्हा बांधावीच लागते.

कप्पा बंद ठेवणारा दोऱ्याचा फास विसविशीत झाला असेल, तर बदलावा. एरवी क्षुल्लक वाटणारा हा वीतभर दोरा तुटला, तर छत्री नको त्या वेळी, प्रसंगी विमानाच्या दारातच उघडू शकते. चिकटपट्टीसारख्या 'वेल्क्रो'च्या पट्ट्या ठेवण्यापूर्वी एकमेकींना नीट जोडाव्यात. उघड्या राहिलेल्या काट्यांत दोऱ्या अडकतात आणि ओरखडतात.

न हलणाऱ्या संचाचा आणखी एक दोष आहे. मुख्य छत्री सोडून देण्यासाठी बहुतेक संचांत तीन कड्यांची रचना असते. बिल बूथ या अमेरिकी संशोधकाने ती १९७०च्या दशकात तयार केली. एकात एक अडकवलेल्या या कड्यांमुळे माणसाच्या वजनाचा ताण शेवटी एका बारीक फासावर अगदी थोडा उरतो आणि हाताच्या एका ओढीने छत्री सुटते. मात्र पट्टे बराच काळ त्याच अवस्थेत राहिले, तर त्यांना तसाच बाक येतो आणि सुटताना ते अडखळू शकतात. म्हणून महिन्यातून एकदा या कड्या सोडवून, पट्टे हाताने मागेपुढे वाकवून, सोडण्याची तार पुसून पुन्हा जोडावी, असा प्रघात आहे. उड्या बंद असतानाही हे काम चुकवू नये. जोडणी अचूक झाली की नाही, हे सुरुवातीला जाणत्याकडून तपासून घ्यावे.

पावसाळी शहरांतील अडचण

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर पॅराशूट उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले. त्यांच्यामुळे हा खेळ मराठी घरांत परिचित झाला. त्यानंतर परदेशात प्रशिक्षण घेऊन स्वतःचा संच बाळगणारे हौशी खेळाडूही येथील शहरांत दिसू लागले. त्यांची अडचण कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. ढग खाली आलेले असल्याने उड्याही होत नाहीत. म्हणजे संच सर्वांत जास्त काळ बंद राहतो, तो नेमका वर्षातील सर्वांत वाईट हवेत.

अशा वेळी बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती, असे दुहेरी संकट असते. आतल्या खोलीतील, जमिनीपासून उंच, बंद पण अधूनमधून उघडले जाणारे कपाट त्यातल्या त्यात उत्तम. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवता येतात. त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात आणि कापडाला थेट लागू द्यायच्या नसतात. हवाबंद प्लास्टिकमध्ये किंचितही ओलसर संच कोंडला, तर ओल आतच राहते. म्हणून आधी पूर्ण वाळवणे, मग बंद करणे हा क्रम पाळावा. पंधरवड्यातून एकदा संच बाहेर काढून, पंख्याखाली तासभर ठेवून, कुबट वास येतो का ते पाहावे. नाक हे येथे विश्वासू साधन आहे.

प्रवासातील काळ हाही साठवणुकीचाच भाग. विमानात संच शक्यतो हातातील सामानात न्यावा. अमेरिकेतील विमानतळांवर त्यास परवानगी आहे. तपासणीसाठी अर्धा तास अधिक हाताशी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. संच उघडून पाहण्याची वेळ आली, तर मालक समोर असणे आवश्यक ठरते.

पुन्हा उडी घेण्यापूर्वी

दीर्घ खंडानंतर उडी घ्यायची, तर प्रथम राखीव छत्रीसोबतच्या पत्रकावरील तारीख पाहावी. मुदत संपली असेल, तर रिगरकडून ती पुन्हा बांधून घ्यावी. यंत्राची देखभाल-तारीख आणि त्याचे ठरवून दिलेले आयुष्य तपासावे. मुख्य छत्री पूर्ण पसरून कापड, शिवणी, दोऱ्या, रबरबँड पाहावेत. राखीव छत्री काढण्याची मूठ आणि मुख्य छत्री सोडण्याची मूठ आपापल्या खिशात घट्ट व सरळ आहेत ना, याची खात्री करावी. शंका आली, तर निर्णय रिगरचा. खेळाडूच्या उत्साहाचा नव्हे.

जुना संच विकत घेणाऱ्याने 'किती उड्या झाल्या' एवढेच विचारून थांबू नये. तो कोठे ठेवला होता, किती वर्षे, कोणत्या शहरात, हेही विचारावे. तीनशे उड्या झालेला, पण नीट जपलेला संच दहा उड्या होऊन माळ्यावर पाच उन्हाळे काढलेल्या संचापेक्षा अधिक भरवशाचा असू शकतो.

थोडक्यात

१. संच अंधारी, कोरडी, थंड व हवेशीर जागा पाहून, जमिनीपासून उंच ठेवावा.
२. मोटारीत, गच्चीवर, खिडकीपाशी किंवा माळ्यावर ठेवू नये.
३. बॅटरी, आम्ल, इंधन, फवारे यांच्याजवळ ठेवू नये.
४. ओला संच सावलीत पूर्ण वाळवल्याशिवाय बंद करू नये.
५. खिसे रिकामे करावेत, वेल्क्रो जोडावे, यंत्र बंद असल्याचे पाहावे.
६. महिन्यातून एकदा तीन कड्यांची रचना सोडवून पट्टे वाकवावेत.
७. राखीव छत्रीचा शिक्का तोडू नये. तिची मुदत दिनदर्शिकेवर नोंदवावी.
८. अज्ञात डाग, वास किंवा ओरखडा दिसताच संच रिगरकडे न्यावा.

राखीव छत्रीची गरज अनेक खेळाडूंना वर्षानुवर्षे पडत नाही. ज्या दिवशी पडते, त्या दिवशी ती गेले सहा महिने कोणत्या कपाटात होती, हे विचारायला वेळ नसतो. त्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवावे लागते.